बाबांसाठी जागा बघितली तो रविवार

मुलुंड पूर्व,
१५ ऑक्टोबर २०२४

नंदाताई,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. फोनच केला असता, पण कानातलं यंत्र तू डब्यात जपून ठेवतेस. मी 'सुशी' म्हटलं असतं तर तू 'खुशी' ऐकून अख्ख्या कुडाळला कळवलं असतंस की श्यामकांत खूश आहे. म्हणून लिहितो.

आमची बिल्डिंग पाडायचं नक्की झालं. डिसेंबरअखेर जागा रिकामी करायची, तीन वर्षांनी नव्या टॉवरमध्ये परत यायचं. मधल्या काळाचं भाडं बिल्डर देणार, त्यामुळे पैशाची चिंता नाही. चिंता एवढीच, की सत्तरी ओलांडलेला एक विधुर बाप तीन वर्षं ठेवायचा कुठे.

त्यासाठी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, निहार आणि श्रुतिका मला जागा दाखवायला घेऊन गेले. बरोबर सूनबाई, मीरा होती. जावईबापूंना काम निघालं. रविवारी काम निघणारा एवढा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे. गाडी निहारची, एसी बिघडलेला, आणि वर ऑक्टोबरचं ऊन.

आता गंमत ऐक. निहार अंधेरीला राहतो आणि श्रुतिका बोरिवलीला. निहारने माझ्यासाठी शोधलेल्या सगळ्या जागा बोरिवलीत होत्या, आणि श्रुतिकाने शोधलेल्या सगळ्या अंधेरीत.

बोरिवलीच्या पहिल्या घरात निहारने मला नॅशनल पार्कच्या हवेचं महत्त्व सांगितलं. श्रुतिका म्हणाली, कसली हवा, सगळीकडे खोदकाम चाललंय, बाबांचा खोकला वाढेल. मला खोकला नाही, ताई. पण दिवसभर तो मला इतक्यांदा लावला गेला की संध्याकाळी घसा खरंच खवखवायला लागला. दुसऱ्या घराच्या मालकीणबाईंनी दारातच विचारलं, नॉनव्हेज खाता का? मी म्हटलं, मालवणी आहे. त्यांनी जेवढं दार उघडलं होतं तेवढंच परत लोटलं.

मग चारकोप. चारकोपच्या खोलीबद्दल माझ्या दोन्ही मुलांचं ताबडतोब एकमत झालं, कारण ती दोघांच्याही घरापासून लांब होती. तिथल्या न्हाणीघराचं दार मात्र आत माणूस असेल तर लागत नव्हतं. एजंट म्हणाला, अंकल, एकटेच तर राहणार ना.

शेवटी अंधेरी. या घराच्या खिडकीतून निहारच्या बिल्डिंगची गच्ची दिसत होती. श्रुतिका आनंदाने म्हणाली, दादाने हाक मारली तरी बाबांना ऐकू येईल. निहारचा चेहरा उतरला. त्याला लगेच भिंतीवर ओल सापडली. ती पंख्याची सावली होती.

तोवर दिवेलागण झाली होती. श्रुतिकाच्या टाचा सोलल्या होत्या, निहारचं डोकं चढलं होतं, मला भूक लागली होती. रविवार असल्याने जिथे जावं तिथे बाहेर खुर्च्या टाकून लोक ताटकळत बसलेले. एका गल्लीत लाँड्री आणि कुत्र्यांचा दवाखाना यांच्या मधे चार टेबलांच्या एका हॉटेलात एक टेबल रिकामं दिसलं. निहार म्हणाला, सुशी आहे, बाबांना नाही जमणार. मी म्हटलं, बसायला मिळतंय ना, मग जमेल.

तर सुशी म्हणजे काय? नैवेद्याच्या मुदीएवढा भात, त्यावर माशाचा एक काप, आणि तो मासा शिजवायचा राहिलेला. काही मुदींना समुद्रातल्या शेवाळाचा काळा पट्टा. बरोबर विणकामाच्या सुयांसारख्या दोन काड्या. निहारने काड्यांनी तीन घास टेबलावर पाडले, मी हाताने खाल्लं. बाजूच्या झणझणीत हिरव्या गोळीबद्दल तिघांनी मला इतकं बजावलं की मी तिला हातच लावला नाही, म्हणजे तू जो प्रसंग वाचायला टपली असशील तो घडला नाही. आणि लाज सोडून सांगतो, मला आवडलं. मासा थंडगार, मऊ, तोंडात टाकला की गेला. दिवसभर माझ्याशी कुणी इतक्या मऊपणे वागलं नव्हतं.

जेवताना विशेष बोलणं झालं नाही. मधे निहार आणि श्रुतिका एजंटला फोन करायला बाहेर गेले. मी आणि मीरा खात बसलो. मीरा नेहमीसारखीच कमी बोलली. मग मला घरी सोडलं. जागा अजून ठरलेली नाही.

तुझा,
श्यामकांत

*

कुडाळ,
२२ ऑक्टोबर

श्यामकांत,

आशीर्वाद. तुझं पत्र शेजारच्या वहिनींना वाचून दाखवलं. कच्च्या माशापर्यंत आल्यावर त्या उठून घरी गेल्या. आमच्याकडे कच्चा मासा मांजर खातं, तेही चोरून.

अरे मेल्या, पण मी पस्तीस वर्षं शाळेत निबंध तपासले आहेत. पोरगं सहलीच्या निबंधात बस, डबा, झाडं, माकडं सगळं लिहितं आणि शेवटी एका ओळीत "मग आम्ही परत आलो" लिहितं, तेव्हा समजायचं की परत येताना काहीतरी घडलंय. तू मुदीचा आकार लिहिलास, शेवाळाचा रंग लिहिलास, आणि चार माणसं टेबलाभोवती बसून काय बोलली ते "विशेष नाही"? तुझ्या पत्रातले विनोद वाढले की मला कळतं, तुला कुठेतरी लागलंय. आई गेली तेव्हाही तू मला असंच हसवणारं पत्र लिहिलं होतंस.

आणि ती मीरा. कमी बोलणाऱ्या माणसाला मी घाबरते. भांडणारी सून परवडली, ती काय करणार ते निदान कळतं.

सरळ इथे निघून ये. माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. मासे शिजवून मिळतील.

तुझी,
नंदाताई

*

मुलुंड पूर्व,
२९ ऑक्टोबर

नंदाताई,

दिवाळीच्या शुभेच्छा. तू पाठवलेला चिवडा पोचला. टपालखात्याने त्याचं पीठ केलंय, पण चव शाबूत आहे.

तू उगाच काळजी करतेस. उलट इथे वेगळीच पंचाईत झाली आहे. निहार म्हणतो बाबा माझ्याकडेच येणार, श्रुतिका म्हणते माझ्याकडेच येणार. एवढा आग्रह, की दोघांत मला चांगलीच मागणी आहे असं वाटतं. कुणाचं मन मोडू?

कुडाळला येत नाही. रागावू नकोस. सकाळी तलावापर्यंत आमची पाच म्हाताऱ्यांची फेरी असते. रोज एकमेकांना तीच दुखणी सांगतो आणि रोज नव्याने ऐकतो. तुझ्या माडीवरून मी दुखणी कुणाला सांगू? तुला तर ऐकू येत नाही.

जागेचं मीरा काहीतरी बघते आहे. तिने एक-दोन ठिकाणी चौकशी केली आहे. ठरलं की कळवीन.

श्यामकांत

*

कुडाळ,
६ नोव्हेंबर

चि. सौ. मीरा,

आशीर्वाद. तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे. तुझ्या लग्नात आपण जे बोललो तेवढंच, आणि तेही बँडच्या आवाजात.

श्यामकांतचं पत्र आलं. त्याची दोन्ही मुलं त्याला आपल्या घरी न्यायला आतुर आहेत, आणि तू मात्र त्याच्यासाठी "काहीतरी बघते" आहेस. माझे कान गेले आहेत, डोकं जागेवर आहे. म्हाताऱ्या माणसासाठी सुना जे बघतात त्याला हल्ली चांगली चांगली इंग्रजी नावं असतात. बाग असते, डॉक्टर असतो, भजनाची खोली असते. पण आत नेऊन ठेवलेल्याला कळायचं ते कळतं.

माझा भाऊ स्वतःसाठी काही मागणाऱ्यांतला नाही. तो थट्टा करतो आणि मागे सरतो. त्याचा फायदा घेऊ नकोस. उद्या तुझ्या आईला कुणी असं उचलून ठेवलं तर तुला कसं वाटेल, याचा विचार कर.

हे पत्र निहारला दाखवलंस तरी चालेल.

नंदाआत्या

*

अंधेरी पश्चिम,
१७ नोव्हेंबर

नंदाआत्या,

नमस्कार. तुमचं पत्र निहारला दाखवलं नाही. त्याला ते फार आवडलं असतं.

मी बाबांसाठी वृद्धाश्रम बघत नाहीये. मुलुंडमध्येच भाड्याचं घर बघते आहे, त्यांच्या आताच्या घरापासून चार गल्ल्या सोडून. पण तुम्हाला त्या रविवारबद्दल अर्धवटच कळवलेलं दिसतं, म्हणून उरलेलं मी लिहिते.

सुशी खायला बसलो तेव्हा निहार आणि श्रुतिका एजंटला फोन करायला बाहेर गेले. एजंट एक होता, फोन करायला दोघं गेले. काचेतून ते फुटपाथवर भांडताना दिसत होते. बाबा तिकडे पाठ करून बसले होते आणि मला विचारत होते, हा भात चिकट कसा राहतो. त्यांना सगळं कळत होतं. सकाळपासून कळत होतं. मला ते बघवेना. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आमच्याकडे राहायला यावं असं मला वाटत नाही. ती दोघं हे कधी म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणते."

तुम्हाला हे वाचून जे वाटलं असेल ते बरोबर आहे. मी चांगली सून नाही. पण आत्या, मी सकाळी सातला घर सोडते आणि दिवे लागल्यावर येते. बाबा आमच्याकडे आले की निहार सगळ्यांना सांगेल, आम्ही बाबांना सांभाळतो. 'आम्ही' म्हणजे मी. पथ्य मी, औषधं मी, आणि काही कमी पडलं की सून अशी म्हणूनही मीच. वर्षभरात मी त्यांचा राग करायला लागले असते. आता मला त्यांचा राग येत नाही, आणि मला तो यायला नको आहे.

बाबांनी हातातली मूद ताटलीत परत ठेवली. मग म्हणाले, मग मी राहायचं कुठे? मी विचारलं, तुम्हाला कुठे राहायचंय? ते म्हणाले, "हे आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं." आणि मग म्हणाले, मुलुंडला. बस, एवढंच. सगळा दिवस आम्ही पेट्रोल जाळत फिरलो आणि त्यांना जिथे जायचं होतं तिथून सकाळी निघालो होतो.

ती दोघं परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, बाबा मुलुंडलाच राहतील, आमच्याकडे येणार नाहीत, मीच नको म्हटलंय. त्यावर निहारला इतकं प्रेम फुटलं की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. बाबा माझ्याकडेच राहणार, म्हणाला. श्रुतिकाचे डोळे भरले. ती म्हणाली, मुलगी जिवंत असताना बाबा भाड्याच्या खोलीत? दोघंही मनापासून बोलत होते. बाबा 'नको' म्हणतील याची दोघांनाही खात्री होती.

बाबांनी हात पुसले आणि शांतपणे म्हणाले, "बरं, उद्याच येतो. आधी सहा महिने निहारकडे, मग श्रुतिकाकडे."

आत्या, ते चेहरे तुम्ही बघायला हवे होते. निहारने आधी "उद्या?" असं विचारलं. मग त्याला आठवलं की गेस्टरूममध्ये त्याचं ऑफिस आहे. श्रुतिकाच्या घरी एकाएकी रंगकाम निघालं. मग दोघं एकमेकांची अडचण समजून घ्यायला लागले, दिवसभरात पहिल्यांदाच. बाबा एकेकाकडे बघत राहिलेली सुशी खात होते. निहारने बिल मागवलं.

मुलुंडला उतरताना बाबा मला म्हणाले, "दोघांची फिरकी छान घेतली ना?" मी हो म्हटलं.

तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्याबरोबर घरं बघते. ते सोपं नाही. एक घर त्यांनी नाकारलं कारण शेजाऱ्याच्या पायपुसण्यावर 'वेलकम' लिहिलं होतं. रोज रोज कोण खोटं वाचणार, म्हणाले.

माझ्या आईचं विचारलंत. ती डोंबिवलीला एकटी राहते, भाऊ जवळ असून. तिलाच तसं हवंय. मुलगा न सांभाळणारा आणि मुलगी न नेणारी, असं तिच्याबद्दल लोक बोलतात. ती म्हणते, बोलू देत, टीव्हीचा रिमोट माझ्या हातात आहे.

मीरा

*

कुडाळ,
२५ नोव्हेंबर

श्यामकांत,

मीराचं पत्र आलं. तू मला खोटं काही लिहिलं नाहीस, फक्त खरं तेवढं गाळलंस. असल्या निबंधाला मी शून्य द्यायचे.

तिचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागाने जेवले नाही. कुणी घरात असं तोंडावर बोलतं का? दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मला सासूबाई आठवल्या. नऊ वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्यांचं सगळं मी केलं, आणि गावात नाव झालं तुझ्या भावोजींचं. आईची सेवा करावी तर यांनी, असं लोक म्हणायचे आणि ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. मी तेव्हा स्वयंपाकघरात असायचे. मला आयुष्यात एकदाही म्हणता आलं नाही की मला हे नको आहे. ही पोरगी कच्चा मासा खाता खाता म्हणून मोकळी झाली.

मी तिला उत्तर लिहिलंय. माफी मागितलेली नाही, वयाचा काही मान आहे की नाही. आमसुलं पाठवली आहेत. समजायचं ते ती समजेल.

आता तू एक सांग, आणि विनोद न करता सांग. तिला वाटतंय "उद्याच येतो" म्हणालास ती फिरकी होती. मी तुला लहानपणापासून ओळखते. ती फिरकी होती का रे? माका फसवू नको.

नंदाताई

*

मुलुंड पूर्व (पत्ता नवा, पिन कोड तोच),
७ जानेवारी २०२५

नंदाताई,

उत्तराला उशीर झाला. सामान हलवण्याचं निमित्त सांगता येईल, पण खरं म्हणजे तुझा प्रश्न खिशात घेऊन फिरत होतो.

तळमजल्याची जागा आहे, एक खोली आणि स्वयंपाकघर. समोर पिठाची गिरणी, त्यामुळे चिवडा घरात असो वा नसो, पीठ सगळीकडे आहे. पाच म्हाताऱ्यांची फेरी आता माझ्याच दारापासून सुरू होते. घरमालकीण विचारत आली, नॉनव्हेज खाता का. मी भीत भीत हो म्हटलं, तर म्हणाली, मग बाजारात जाल तेव्हा माझ्यासाठी पण बोंबील आणा. मीरा अजूनही दर शनिवारी येते, तासभर बसते आणि जाते. सेवा करत नाही. चहा मी करतो.

आता तुझा प्रश्न. मी तोंड उघडलं ते फिरकी घ्यायलाच. पण वाक्य अर्ध्यावर आलं तेव्हा मला वाटलं, कोण जाणे, दोघांतलं एक जण म्हणेलही, या. एकदम नाही, थोडं अडखळत का होईना. तेवढ्या वेळात मी मनात बॅगसुद्धा भरली होती. मग निहारने बिल मागवलं. मीराला ती फिरकी वाटली. तिला तसंच वाटू दे. त्या टेबलावर तिने एकटीने खरं सांगितलं होतं, वर आणखी ओझं कशाला.

मी इथे राहायला आल्यावर मुलं पंधरा दिवस फिरकली नाहीत. मग गेल्या रविवारी दुपारी निहार आला, एकटाच. हातात मोठा फळांचा करंडा, आजाऱ्याला नेतात तसा. उभ्या उभ्या खोली बघितली. नळ उघडून बघितला, खिडकी लावून बघितली, भिंतीवरून हात फिरवला. मला वाटलं आता ओल सापडणार. पण तो म्हणाला, "बाबा, इथे बरं वाटतं का तुम्हाला?" मी म्हटलं, वाटतं. त्याला आणखी काही बोलायचं होतं, ते त्याला सुचलं नाही, आणि मीही मदत केली नाही. बापाने प्रत्येक वेळी मदत का करावी?

मग तो खाटेवर जरा टेकतो म्हणाला आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. बूट घालूनच. मी बूट काढले, पंखा कमी केला आणि खुर्चीत बसून राहिलो. गिरणी चालू होती, त्याला जाग आली नाही. ऊन उतरलं तेव्हा श्रुतिकाचा फोन आला, दादा फोन उचलत नाही, तुमच्याकडे आहे का. मी हळू आवाजात सांगितलं, आहे, झोपलाय. तिने पुन्हा विचारलं, झोपलाय? मग म्हणाली, मीही येऊ का, बाबा?

म्हटलं, ये. पण खाट एकच आहे.

श्यामकांत